खुंटीवरच्या लाल पट्टीचा सूड

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पट्टी आहे. पट्टी म्हटल्यावर तुम्हाला वहीत रेघा मारायची पट्टी आठवेल. तशी मी नाही. माझ्या अंगावर आकडे नाहीत. मी वीतभर लांब आणि दोन बोटं रुंद आहे. एका टोकाला भोक आहे. कधीकाळी मी लालभडक होते. आता जिथे रंग उडाला आहे, तिथे लाकूड अंगठ्यांनी घासून गुळगुळीत झालं आहे. ते अंगठे बहुतेक बायकांचे होते.

आपली कहाणी सांगताना लोक उपकार करणाऱ्यांची आठवण काढतात. मीही काढीन. पण खरं सांगायचं तर मी एका माणसावर डूख धरून होते, आणि ही गोष्ट मुख्यतः त्याची आहे.

माझा जन्म शर्ट शिवण्याच्या एका कारखान्यात झाला. दुसऱ्या मजल्यावर एक लांबट दालन होतं. तिथे चाळीस बायका आणि मोजून चार पुरुष काम करत. पलीकडच्या टोकाला चार वाफेच्या इस्त्र्या होत्या, अलीकडच्या टोकाला पाण्याचं स्टीलचं पिंप, आणि पिंपाच्या बाजूने एक बोळ. बोळात दोन संडास होते. दोन्हींच्या दारांच्या आतल्या कड्या तुटलेल्या होत्या. एकदा कोणीतरी चुकून दार उघडलं आणि आत बसलेली एक नवी मुलगी रडत बाहेर आली. ती पुन्हा कामावर आलीच नाही.

तेव्हा इस्त्रीवरची आत्या सुताराकडे गेली. ती कोणाचीच सख्खी आत्या नव्हती, म्हणून सगळ्यांचीच होती.

"दादा, कडी बसव ना रे. पोरी घाबरतात."

"कडी मागवायची तर वरून तीन सह्या लागतात, आत्या. लाकूड मात्र माझ्या हातात आहे."

कापड बेतण्याच्या टेबलाचा मोडलेला पाय त्याच्याकडे पडून होता. त्यातून त्याने दोन पट्ट्या काढल्या, एक मी आणि एक माझी बहीण. आग विझवायच्या बादल्यांसाठी आणलेला लाल रंग उरला होता, तो आम्हाला लावला. बोळाच्या तोंडाशी दोन खुंट्या ठोकल्या. पट्टी खुंटीवर असली तर संडास रिकामा. नसली तर आत कोणीतरी आहे. आत जाताना आम्हाला सोबत न्यायचं आणि दारामागच्या खिळ्याला अडकवायचं. इतकं साधं होतं.

मित्रांनो, माझा जन्म कोणाची तरी लाज राखण्यासाठी झाला. हे लक्षात ठेवा. पुढे माझ्याकडून काय करवून घेतलं गेलं, हे कळायला त्याची गरज पडेल.

ती पहिली वर्षं चांगली होती. येताजाता बायका पिंपाखाली पेला धरत, पाणी पीत आणि आम्हाला घेऊन आत जात. "ही पट्टी नसती तर माझं काही खरं नव्हतं," असं एकदा एका गरोदर बाईने मला हातात धरून म्हटलं होतं. ते कौतुक मी अजून जपून ठेवलं आहे.

मग नवे सुपरवायझर आले. ते आधी एका शाळेत कवायत शिकवत असत. शाळा सुटली, पण गळ्यातली शिट्टी सुटली नाही. समोर सगळ्या त्यांना साहेब म्हणत आणि पाठीमागे शिट्टी म्हणत. मीही शिट्टीच म्हणणार, आणि अहो-जाहो करणार नाही.

पहिल्याच सोमवारी शिट्टीने सगळ्यांना उभं केलं.

"पाणी म्हणजे निव्वळ सवय आहे. जितकं प्याल तितकं लागतं. मी पोरांना दोन-दोन तास उन्हात उभं करायचो. घोटभर पाणी नाही! एक तरी पोरगं मेलं का?"

"शाळा सोडून गेली असतील," मागच्या रांगेतून आवाज आला.

सगळ्या हसल्या. शिट्टी वाजली. त्याच दिवशी त्याने माझ्या बहिणीला खुंटीवरून काढलं आणि आपल्या टेबलाच्या खणात टाकलं. बोळाला दार बसवलं, दाराला कुलूप लावलं, आणि त्याची एकुलती एक किल्ली माझ्या भोकात दोऱ्याने बांधली. आता चव्वेचाळीस माणसांत मी एकटी उरले. मी हवी असले तर उभं राहून हात वर करायचा. तो मान हलवील तेव्हाच यायचं. भिंतीवर एक फळा लागला. प्रत्येक फेरीला नावापुढे खडूची एक रेघ. संध्याकाळी ज्या बाईपुढे एकही रेघ नसेल, तिचं नाव सगळ्यात वर, 'भक्कम' या शब्दाखाली. आणि तिच्यासाठी टाळ्या.

तुम्ही म्हणाल, बायकांनी भांडायला हवं होतं. पण झालं वेगळंच. टाळ्यांची गोडी लागली. कोण किती वेळ दम धरते, याची चढाओढ लागली. पाणी प्यायलं तर जावं लागणार, म्हणून पिंपाकडे जाणंच बंद झालं. पिंपाच्या नळाखालची फरशी, जी कायम ओली असायची, ती कोरडी ठणठणीत झाली.

त्यांनी एक युक्तीही काढली. शर्टाचं लहान बटण जिभेखाली ठेवायचं. तोंडाला पाणी सुटतं आणि तहान मरते. नव्या बाईला यंत्रातली दोऱ्याची बॉबिन भरायला शिकवावं, तशा जुन्या बायका तिला बटण धरायला शिकवत. "चार भोकांचं घे, दोन भोकांचं गिळलं जातं," असा सल्लाही देत. पण मित्रांनो, तोंडात सुटणारं पाणी शरीरातूनच आलेलं असतं. बटणाने जीभ फसते. रक्त फसत नाही.

हे मी कशी सांगू शकते? मी तिथे होते म्हणून. मी त्यांच्या मुठीत असायची आणि नंतर दारामागच्या खिळ्याला. जे डॉक्टरला विचारावं लागतं, ते मला आपोआप दिसत होतं.

आधी लघवीचा पिवळा रंग गडद झाला. पूर्वी तो वाळलेल्या गवताच्या काडीसारखा फिकट असे. मग तो गाळलेल्या कडक चहाकडे झुकला. वास उग्र झाला. दिवसाच्या पाच फेऱ्यांच्या दोन झाल्या, दोनांची एक. मग तळहात बदलले, खरखरीत आणि कोरडे झाले. ओठांच्या सालपटांना दातांनी सोलत बायका आत येत. बोलताना जीभ टाळ्याला चिकटून चट्ट असा आवाज होई. उठून उभ्या राहिल्या की एक क्षण भिंत धरत.

त्या प्रत्येक गोष्टीला त्यांनी दुसरंच नाव दिलं.

"तीन वाजले की माझं डोकं ठणकायला लागतं गं."

"तुला चष्मा लागलाय."

"आणि मला उठल्यावर अंधारी येते, त्याचं काय?"

"सासूबाई आठवत असतील."

"रात्री पोटऱ्यांत गोळे येतात."

"वय झालं, बाई."

कोणी चहा वाढवला, कोणी डोकेदुखीच्या गोळ्या. दुपारनंतर कॉलर वाकड्या जायला लागल्या. बटणं चुकीच्या काजासमोर बसायला लागली. एकमेकींवर खेकसणं वाढलं. पाणी हे कारण कोणाच्या मनातच आलं नाही, कारण तहान लागल्यासारखं त्यांना वाटतच नव्हतं. तहान काही घड्याळासारखी इमानदार नसते. ती उशिरा येते, आणि रोज दाबली तर येईनाशी होते.

सगळ्यात वाईट गोष्ट सांगू? फळ्यावर 'भक्कम' खाली सगळ्यात वरचं नाव आत्याचं होतं. जिने मला मागून घेतलं, तिचाच हात मला दिवसच्या दिवस लागेना. ती वाफेसमोर उभी राही, सगळ्यांत जास्त घाम तिचा जाई, आणि सगळ्यांत कमी पाणी तीच पिई. "एकोणीस वर्षं इस्त्री धरलीय मी, मला काय होतंय," असं ती म्हणायची, आणि गालातलं बटण या बाजूचं त्या बाजूला करायची.

एका दुपारी ती वाकली आणि सरळ होताना तशीच कोसळली. पडताना तिचा उजवा हात तापलेल्या इस्त्रीच्या पत्र्यावर टेकला. तोंडातलं बटण बाहेर पडलं आणि घरंगळत माझ्या खुंटीखाली येऊन थांबलं.

शिट्टी धावत आला. तिच्या पापण्या थरथरत होत्या. त्याने वाकून विचारलं, "नाश्ता केला नव्हता का?"

मी ते वाक्य लाकडात कोरून घेतलं.

मग त्याने अपघाताच्या वहीत लिहिलं, 'कामगार उपाशीपोटी आल्याने चक्कर. स्वतःचा निष्काळजीपणा.' त्या कारखान्याचा नियम असा होता, की ज्याच्यापुढे निष्काळजीपणा लिहिला जाई, त्याला पुन्हा तापत्या यंत्रावर उभं करत नसत. दोन महिन्यांनी आत्या हाताला पट्ट्या बांधून परत आली. तिला धागे कापायला बसवलं, बोळाच्या दाराशी, एका स्टुलावर. ते काम नव्या मुलींना देतात. इस्त्रीकडे पाठ करून ती बसायची.

त्या दिवसापासून मला सूड हवा होता. पण पट्टी सूड घेणार कसा? मला हात नाहीत. मला फक्त दिसतं. म्हणून मी त्याला पाहायला लागले.

आणि मला एक गंमत कळली. शिट्टी ढोंगी नव्हता. तो स्वतःही पाणी पीत नव्हता. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा तो मला घेऊन आत जाई. कारखान्यातला सगळ्यांत गडद रंग त्याचा होता. ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले, कपाळावर कायम आठ्या. स्वतःची शिट्टी वाजली की तोच कपाळ दाबून धरी. पुढे तो उभं राहताना कमरेवर हात ठेवायला लागला, डाव्या बाजूला, बरगडीच्या खाली.

मला एवढं कळत होतं की हे चांगल्याचं लक्षण नाही. मला बोलता आलं असतं, तरी मी बोलले नसते. मित्रांनो, हे चांगलं नाही, मला ठाऊक आहे. पण मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही. रोज संध्याकाळी त्या खिळ्यावर लटकताना मी खाली पाहायची आणि मनात म्हणायची, सुकत जा.

माल तपासायच्या टेबलावर एक मुलगी होती. तिला सगळ्या चष्मेवाली म्हणत. परिचारिकेचं शिक्षण तिने वर्षभर घेतलं होतं, मग ते सुटलं. आत्याच्या तोंडातून पडलेलं बटण तिनेच उचललं होतं. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती आत्याच्या स्टुलाशी येऊन बसली.

"आत्या, त्या दिवशी नाश्ता केला होतात?"

"पोटभर केला होता. कोणाला सांगू?"

"आणि पाणी?"

"पाण्याचं काय मध्येच?"

चष्मेवालीने आत्याच्या डाव्या हाताची मागची कातडी चिमटीत धरून वर उचलली आणि सोडली. घडी काही क्षण तशीच उभी राहिली.

"म्हातारी झाले गं. कातडी सैल होणारच."

"होते. म्हणून मी एवढ्यावरून बोलत नाही. रंग काय असतो? गडद?"

"शी! जेवताना काय विचारतेस!"

"सांगा ना."

आत्याने हळू आवाजात सांगितलं. चष्मेवालीने विचारलं, जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेता का? कारण त्यांनीही रंग पिवळाधमक होतो. नाही. डोकं? दुखतं. अंधारी? येते. दिवसात किती वेळा? मग तिने खिशातून ते बटण काढून आत्याच्या तळहातावर ठेवलं.

"तुम्ही उपाशी नव्हतात, आत्या. तुम्ही सुकला होतात. आणि आपण सगळ्या टाळ्या वाजवत होतो."

आत्याने बटण स्टुलावर ठेवलं. मग उठली, पिंपाशी गेली, पेला भरून प्यायली आणि हात वर केला.

"आत्या?" शिट्टी म्हणाला. "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

"माझ्याकडूनही नव्हती, साहेब," ती म्हणाली आणि तिने मला उचललं. कितीतरी महिन्यांनी तिचा हात मला लागला. दोन बोटं नीट वळत नव्हती. तिने मला तळहात आणि अंगठा यांच्यामध्ये धरलं होतं.

आठवडाभर ती जेवणाच्या सुट्टीत एकेका रांगेत जाऊन बसत होती. ती काय सांगत होती, ते मला शेवटच्या दिवशी ऐकू आलं.

"कोणी भांडायचं नाही. नियम मोडायचा नाही. नियम पाळायचा, अगदी काटेकोर."

"आणि एकदम ढोसायचं नाही," चष्मेवालीने भर घातली. "तासाला एक पेला. सकाळपासून."

पुढच्या सोमवारी दहा वाजेपर्यंत पिंप एकदा रिकामं होऊन पुन्हा भरलं होतं. सव्वादहाला पहिला हात वर झाला. मग दुसरा. मग एक अख्खी रांग. प्रत्येक बाई उभी राहत होती, परवानगी मागत होती, फळ्यावर स्वतःच्या नावापुढे रेघ ओढत होती आणि माझी वाट पाहत होती. कारण पट्टी एकच, किल्ली एकच. मी एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिले. यंत्रं बंद पडत गेली. शिट्टी वाजली. सगळ्यांनी मान वर करून त्याच्याकडे नम्रपणे पाहिलं.

"हे काय चाललंय?"

"नियम, साहेब."

"सगळ्यांना एकाच वेळी?"

"एकाच वेळी कुठे? एकेक करूनच जातोय."

दुपारपर्यंत फळा भरला आणि रेघा भिंतीवर गेल्या. इतकी सुखी मी आयुष्यात कधीच नव्हते. पण ही नुसती सुरुवात होती.

तीनच्या सुमारास शिट्टी खुर्चीतून उठला आणि अर्ध्यातच वाकला. कमरेवरचा हात पोटाकडे सरकला. तोंड राखेसारखं झालं. भिंत धरत तो बोळाच्या दाराशी आला. मी खुंटीवर नव्हते. आत्याची पाळी होती आणि मी तिच्या हातात होते. तिच्यामागे सतरा जणी उभ्या होत्या.

"चावी द्या," तो कण्हला.

"रांग आहे, साहेब," मागून कोणीतरी म्हणालं.

मित्रांनो, हाच तो क्षण. मी मनात म्हणाले, देऊ नकोस. आधी ती वही आण म्हणावं. आधी लिही, मग किल्ली. मला वजन वाढवता आलं असतं, तर मी तिच्या हातात दगडासारखी जड झाले असते.

आत्याने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. फुटलेले ओठ, खोल गेलेले डोळे. आता तिला ही लक्षणं वाचता येत होती. तिने लगेच मला त्याच्या हातात ठेवलं.

मी चिडले. पण मग खिळ्यावरून खाली पाहिलं. चहाचा रंग गेला होता. आता त्यात लाली होती. तो दाराला टेकून खाली बसला आणि लहान मुलासारखा कळवळला.

चष्मेवालीने गाडी बोलवायला माणूस पाठवला. आत्याने त्याला धरून बाहेर आणलं, तिच्याच स्टुलावर बसवलं आणि पेल्यातून दोन घोट पाणी पाजलं. "हळू. घोट-घोट." सगळी यंत्रं बंद होती. मग ती त्याच्या तोंडासमोर वाकली आणि अगदी मायेने विचारलं,

"नाश्ता केला नव्हता का, साहेब?"

मग मागच्या रांगेतून एक हुंकार आला आणि सगळं दालन खदखदून हसलं. वेदनेतही त्याचे कान लाल झालेले मी पाहिले. मी त्याच्या मुठीत होते. त्याचा घाम माझ्या लाकडात मुरत होता.

चष्मेवालीने अपघाताची वही आणली होती. आत्याने ती त्याच्या मांडीवर ठेवली.

"गाडी यायला वेळ आहे. लिहा."

"काय... लिहू?"

"आज तुम्हाला काय झालं ते. आणि त्या दिवशी मला काय झालं होतं ते. कारण एकच आहे, दोनदा लिहायला त्रास पडणार नाही."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या बोटांकडे. जुन्या ओळीवर त्याने रेघ मारली आणि वर लिहिलं, 'पाणी पिण्यास व बोळात जाण्यास अडवल्यामुळे चक्कर. कामगाराचा दोष नाही.' खाली स्वतःच्या नावापुढे 'पाणी न प्यायल्यामुळे पोटात कळ' अशी आजची नोंद केली आणि सही केली. ती सही मी वाचली. माझ्यासाठी ती गोड होती.

डॉक्टरांनी तिळाएवढा मुतखडा सांगितला. एवढासा खडा एवढ्या मोठ्या माणसाला वाकवतो. तो परत आला तेव्हा कुलूप निघालं होतं, फळा पुसला होता, माझी बहीण खणातून सुटली होती. आणि तीन सह्या एका दिवसात होऊन दोन्ही दारांना आतून कड्या बसल्या होत्या. दोन कड्यांचं काम होतं, मित्रांनो. फक्त दोन कड्यांचं.

आत्या पुन्हा इस्त्रीपाशी उभी राहते. पण इस्त्री ती धरत नाही. ती दोन बोटं कधीच पूर्ण वळली नाहीत. ती नव्या मुलींना शिकवते, आणि प्रत्येकीला आधी तोंड उघडून दाखवायला लावते, आत बटण नाही ना म्हणून. म्हणूनच माझा राग पुरता गेलेला नाही. वहीतली ओळ बदलली, बोटं बदलली नाहीत.

कड्या बसल्यावर आमचं काम संपलं. बहिणीला सुताराने आठवण म्हणून नेलं. मला पिंपाच्या मागच्या पायाखाली पाचर म्हणून सारलं, म्हणजे पिंप नळाकडे किंचित कलतं आणि तळाचं पाणीही बाहेर येतं. ओल्या फरशीने माझा रंग आता उडतच चालला आहे.

तुमच्यापैकी कोणी, शाळेतला संडास घाणेरडा आहे म्हणून, किंवा बाई रागावतील म्हणून, पाण्याची बाटली भरलेलीच घरी नेत असेल. दम धरण्यात शौर्य नाही. रंग गडद झाला, ओठ सुकले, दुपारी डोकं जड झालं, विनाकारण रडू किंवा राग आला, तर दुसरं नाव शोधण्याआधी पेला शोधा. एका खुणेवर निकाल देऊ नका, पण दोन-तीन एकत्र आल्या तर त्यांना खोटंही पाडू नका. आणि तुमचं पाणी कोणी अडवत असेल, तर मोठ्या माणसाला सांगा, आणि त्याचं नाव लक्षात ठेवा.

शिट्टी अजून तिथेच काम करतो. डॉक्टरांनी त्याला सतत पाणी प्यायला सांगितलं आहे. पिंपाचा नळ खाली आहे. पेला भरायला त्याला माझ्यासमोर कमरेत वाकावं लागतं. दिवसातून आठ वेळा. सात झाले की मी वाट पाहते.